तिघांतला एक

६ फेब्रुवारी १९५१, मंगळवार

आज दुपारी एक म्हातारा मागच्या दारी येऊन पाव मागून गेला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही!

सगळं आत्ताच लिहून टाकते. नाहीतर उद्यापर्यंत सासूबाई त्याला असं तिखटमीठ लावतील की खरं काय झालं ते मलाच आठवणार नाही.

डेलमार गवताचा ट्रक घेऊन घाटापलीकडे खाणींच्या गावाला गेला होता. सासूबाई शेगडीपाशी पेंगत होत्या. दारावर टकटक झाली. उघडलं तर म्हातारा. पांढरी दाढी, तपकिरी कोट. भटक्यांच्या अंगाला येतो तसा वास नाही. म्हणाला, "बाई, पाव असेल तर थोडा द्या." सकाळीच भाजला होता. जाड काप कापला, लोणी लावलं, वर पेलाभर दूध. आत या म्हटलं तर मान हलवून नको म्हणाला आणि पायरीवर बसूनच खाल्लं. घाई नाही, हावरटपणा नाही.

पेला परत देताना म्हणाला (हे अक्षरन् अक्षर त्याचं), "तुमचा मुलगा थंडीत आहे. पण एकटा नाही."

मी लोवेलबद्दल चकार शब्द काढला नव्हता! "कुणी सांगितलं तुम्हाला?" म्हणून ओरडलेच. त्यानं टोपीला हात लावला आणि टर्कींच्या शेडमागे वळला. मी शाल ओढून धावत गेले, तोवर रस्त्यावर कुणी नाही.

लोवेल, माझा एकुलता एक, डिसेंबरपासून कोरियाच्या लढाईत बेपत्ता. सरकारची तार आली ती एवढीच. गेला असं म्हणत नाहीत, आहे असंही म्हणत नाहीत. रडावं तर अपशकुन, हसावं तर पाप. दोन महिने असेच चाललेत.

संध्याकाळी पाव आणि दूध, दोन वाट्या जेवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

७ फेब्रुवारी

सकाळी उठल्याबरोबर बर्फात पावलं बघायला गेले. पण आमच्या टर्की! शंभर पायांनी सगळं अंगण तुडवून ठेवलंय. देवदूतांची आख्खी पलटण आली असती तरी पत्ता लागला नसता.

सासूबाईंना सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई खुर्चीतून ताडकन उठली. "तिघांतला एक! अगं वेडे, तिघांतला एक होता तो, आणि तू त्याला पायरीवर बसवलंस?"

"आत बोलावलं होतं आई."

"मुरांबा दिलास?"

"लोणी दिलं."

"मुरांबा द्यायला हवा होता."

तिघांची गोष्ट आम्हा मॉर्मन लोकांत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. प्रभू थडग्यातून उठले, आणि मग समुद्रापलीकडून इकडे आले, याच भूमीवर. इथल्या लेकरांना मांडीवर घेतलं, आजाऱ्यांना बरं केलं, बारा जण निवडले. जाताना विचारलं, तुम्हाला काय हवं? नऊ जण म्हणाले, आयुष्य संपलं की आम्हाला तुमच्याकडे घ्या. तिघं गप्प. त्यांच्या मनातलं प्रभूंनी ओळखलं: तुम्ही परत येईपर्यंत इथेच राहून लोकांच्या उपयोगी पडायचंय. तेव्हापासून ते तिघं मेले नाहीत. फिरतात. पाव मागतात.

सासूबाईंची स्वतःचीही एक गोष्ट आहे. लहानपणी घरात शेवटचा पाव उरलेला, म्हातारा दाराशी आला, यांनी त्यातला अर्धा दिला, तो म्हणाला या घरात पीठ कधी सरणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा गोष्टीत अर्धाच पाव होता. आता आख्खा पाव, लोणी आणि हॅमची चकती आहे. अजून पाच वर्षांनी भाजलेली टर्की येईल.

हसले मी लिहिताना. कधी हसले होते यापूर्वी?

डेलमार रात्रीच्या जेवणाला ऐकून घेत होता. एरवी असल्या गोष्टींवर खेकसतो. आज म्हणाला, "बरं झालं. तू जेवलीस ना?" आणि दूध काढायला निघून गेला.

९ फेब्रुवारी

सासूबाईंच्या पोटात तीळ भिजत नाही. शेजारीण थोरा, पीचच्या मुरांब्याची बरणी घेऊन हजर. बरणी हे निमित्त.

"डोळे कसे होते गं?"

"दोन होते."

"थट्टा नको अर्व्हिला! निळे होते का? माझ्या मावशीकडे आलेल्याचे निळे होते."

मी म्हटलं, तिघं आहेत ना, तिघांचे वेगवेगळे असतील. थोराला हे पटलं. जाताना मात्र दारात थांबली. तिच्या पुतण्याचीही तार आलीय, जखमी झाल्याची. म्हणाली, "परत आला तर आमचंही विचारशील?" मग मला थट्टा सुचली नाही.

१० फेब्रुवारी

आमचे बिशप आठवडाभर पेंडीची गिरणी चालवतात आणि रविवारी आमचे आत्मे. गिरणीतच गाठलं त्यांना, केसांत भुसा. विचारलं, "हे सगळं घडलं ती जागा नेमकी कुठली?"

"कुठली जागा?"

"प्रभू उतरले ती. लेकरांना मांडीवर घेतलं ती."

म्हणाले, कुणी मेक्सिकोच्या खाली म्हणतात, कुणी पूर्वेला न्यूयॉर्ककडे. "देवानं नकाशा दिलेला नाही सिस्टर."

मी म्हटलं, "मग चालत आमच्या दारापर्यंत यायला त्यांना किती लांब पडलं असेल?"

बिशपनी पेंडीचं पोतं स्वतः उचलून गाडीत टाकलं. मग हळूच म्हणाले, "तो तिघांतला होता असं मी म्हणत नाही. नव्हता असंही म्हणत नाही." झालं! सरकारची तार आणि आमचे बिशप एकाच शाळेतले.

१३ फेब्रुवारी

पत्र नाही.

१५ फेब्रुवारी

माझ्या डोक्यात नुसते प्रश्न. कपडे धुताना, पीठ मळताना. दोन हजार वर्षं चालायचं म्हणजे जोडे कोण शिवून देतं त्यांना? दाढ दुखते का? तिघं एकमेकांना भेटतात कधी, की एकेकटेच फिरतात? भेटले तर काय बोलतात? मुलंबाळं होती का त्यांना? असतील, तर त्यांची मुलं म्हातारी होऊन गेली आणि हे बघत बसले. कसं मागितलं असेल त्यांनी असलं मागणं?

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "प्रश्न विचारणारीच्या घरी ते दुसऱ्यांदा येत नाहीत." मग मी मूग गिळून बसले. दिवसभर. साधारण.

आणि एक प्रश्न लिहायची हिंमत होत नव्हती, तो लिहितेच. "एकटा नाही" म्हणजे कुणाबरोबर? त्याच्यासारख्या पोरांबरोबर, कुठल्याशा कैदेत, एका पांघरुणात? की माझ्या आईबाबांबरोबर, पलीकडे? सासूबाई म्हणतात, "थंडीत आहे म्हणाला ना? मग जिवंत आहे. मेलेल्याला कसली थंडी!" हे त्यांचं बोलणं मी उशाशी घेऊन झोपते.

१८ फेब्रुवारी, रविवार

सभेनंतर सगळ्या बायकांनी घेरलं. पुढचा पहिला रविवार उपासाचा. त्या दिवशी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि सभेत ज्याच्या मनात येईल त्यानं उठून साक्ष द्यायची. "अर्व्हिला, या वेळी तू उठायचंस!"

आमच्याकडे साक्ष देताना "मला वाटतं" म्हणत नाहीत. "माझा विश्वास आहे" असंही फारसं कुणी म्हणत नाही. म्हणायचं, "मला ठाऊक आहे." टीचभर पोरंसुद्धा आईच्या कुशीतून उठून तेच म्हणतात. मीही म्हणत आले. मग आता का अडखळते?

लग्नापासून डेलमार एकदाही साक्षीला उठलेला नाही. मागच्या बाकावर बसून टोपीची कड चाचपत असतो. लोकांनी विचारायचं सोडून दिलंय.

२१ फेब्रुवारी

चौकशी करून आले. हो, केली! सासूबाईंना सांगितलं यीस्ट आणायला जाते.

बसचा ड्रायव्हर: त्या मंगळवारी कुणी म्हातारा उतरला नाही. पोस्टातली बाई: कुणी दाढीवाला दिसला नाही, आणि तिच्या नजरेतून मांजरही सुटत नाही. गावातल्या आणखी कुठल्या घरी पाव मागितला का? नाही. मालगाडीतून उतरून रुळांवरून आला असेल का? असेल. मालगाडीतून उतरणाऱ्याला माझा मुलगा कसा ठाऊक?

म्हणजे उतारू नाही, भटक्या नाही, ओळखीचा नाही. परत येताना धावतच आले. यीस्ट विसरलेच.

२७ फेब्रुवारी

साक्ष ठरली. उठणार मी. बिशपनासुद्धा कळलंय, शेजारच्या गावचे लोक येणार म्हणे.

सासूबाईंनी माझा निळा पोशाख स्वतः इस्त्री केला. मी आरशासमोर म्हणून बघितलं, "मला ठाऊक आहे, माझा मुलगा जिवंत आहे." पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा बरा आला. तिसऱ्यांदा खरंच वाटलं मला! इतकं खरं की खाली जाऊन लोवेलच्या खोलीतली चादर बदलली.

वळले तर डेलमार दारात. किती वेळ उभा होता देव जाणे. चेहरा पांढराफटक. विचारलं काय झालं, तर म्हणाला गाय आजारी आहे. गाय ठणठणीत आहे, मी बघून आले.

१ मार्च, गुरुवार

काय लिहू? पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागानं!

न्याहारीला सासूबाई उठायच्या आधी डेलमार म्हणाला, "रविवारी उठू नकोस."

"का?"

"उठू नकोस म्हणतो ना."

"कारण सांग, नाहीतर उठणार."

त्यानं चमचा खाली ठेवला. "तो म्हातारा मी पाठवला होता."

खाणींच्या गावात ग्रीक लोकांचं एक कॉफीघर आहे. डेलमार गवत उतरवून तिथे बसतो (कॉफी पितो! आमच्यात ती निषिद्ध, आणि मला वाटायचं हा ट्रक थंड होईपर्यंत बाहेर थांबतो). तिथे एक म्हातारा ग्रीक आहे, स्टेलिओस. पांढरी दाढी. त्याला तंबाखूचा डबा देऊन सांगितलं: अमक्या घरी जा, पाव माग, आणि बाईला सांग, मुलगा सुखरूप आहे, घरी येईल.

"तू जेवत नव्हतीस," डेलमार म्हणाला. "भिंतीकडे बघत बसायचीस. डॉक्टर झाले, बिशप झाले. मला दुसरं काही सुचेना. वाटलं चार घास खाशील. हे साक्षीपर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं. उद्या चारचौघांत ठाऊक आहे म्हणशील आणि त्याची शवपेटी आली तर? तुझं काय होईल, अर्व्हिला?"

मी बोलले त्याला. जे तोंडाला येईल ते बोलले. माझ्या श्रद्धेशी खेळ मांडलास, म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी मीच रडायला लागले, कारण लोवेल दुसऱ्यांदा हरवला.

संध्याकाळ, त्याच दिवशी

भांडी घासताना एकदम हात थांबले.

गोठ्यात गेले. "डेलमार, काय सांगायला सांगितलं होतंस त्याला?"

"सांगितलं की. मुलगा सुखरूप आहे, घरी येईल."

"तो हे म्हणालाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणाला, मुलगा थंडीत आहे, पण एकटा नाही. त्याच दिवशी अक्षरन् अक्षर लिहून ठेवलंय मी. तुला सांगितलंही होतं!"

डेलमार म्हणाला त्याच्या तेव्हा लक्षातच आलं नाही, तो माझ्या वाटीकडे बघत होता. मग म्हणाला, म्हाताऱ्यानं आपल्या मनचं घातलं असेल, विसरला असेल, त्याला आपली भाषा धड येते कुठे!

"येत नाही?"

"तोडकीमोडकी."

माझ्या दारातला म्हातारा आपल्यासारखा बोलत होता. अगदी या खोऱ्यात जन्मल्यासारखा. डेलमारच्या हातातली बादली तशीच राहिली. मी म्हटलं, उद्या मी तुझ्याबरोबर ट्रकमधून येणार. नको म्हणायची त्याची छाती झाली नाही.

२ मार्च, शुक्रवार

गेले. घाटात बर्फ होतं, चाकांना साखळ्या लावून गेलो.

ग्रीकांच्या कॉफीघरात बाया जात नाहीत. मी गेले. पत्त्यांचे डाव थांबले. काय तो कॉफीचा वास, देवा! पाप असेल, पण वास चांगलाच होता.

डेलमारनं कोपऱ्यात बोट दाखवलं. पांढरी दाढी, हो. पण हा बुटका, रुंद, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी डेलमारकडे बघितलं, डेलमार माझ्याकडे.

"हा नाही," मी म्हटलं.

स्टेलिओस उठला. डेलमारला बघून कान धरायचेच बाकी ठेवले त्यानं. फळीवरून तंबाखूचा डबा काढून टेबलावर ठेवला, झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"मी नाय आला," म्हणाला. "माफ कर मिस्टर. मी घेतला, मग मला लाज वाटला. मी नाय आला तुझ्या घर."

"अरे पण मी परत आलो तेव्हा का नाही सांगितलंस?" डेलमारचा आवाज चिरका झाला होता.

"तू विचारला कुठे? तू म्हणाला, थँक यू स्टेलिओस, बायको जेवला. मला वाटला, बायको आपलाआपण जेवला. चांगला झाला!"

मी हसावं की काय करावं! मग त्यानं मला खुर्ची दिली आणि समोर बसला. त्याचा थोरला भाऊ लढाईवर गेला होता, तिकडे त्यांच्या देशात, फार वर्षांपूर्वी. गावातले लोक त्याच्या आईला रोज सांगायचे, येईल, येईल. "माझा माय दाराला कडी नाय लावला. मरेपर्यंत. हिवाळ्यात पण दार उघडा. मी खोटा येईल-येईल नाय सांगणार दुसऱ्या मायला. तुम्ही मॉर्मन लोक चांगला लोक, पण हे काम वाईट."

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, तू आला नाहीस ते फार बरं केलंस. त्यानं मला गरम पाण्यात साखर घालून दिली, कॉफी चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. तंबाखूचा डबा डेलमारनं तिथेच ठेवला.

घाट उतरताना डेलमारनं ट्रक कडेला घेतला. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात.

"मग कोण होता तो?"

"मला काय विचारतोस!"

"तुला काय वाटतं, ते सांग ना."

इतक्या वर्षांत त्यानं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. भटक्या असेल, पेपरात बेपत्तांची नावं वाचली असतील, घर विचारून आला असेल. किंवा तिघांतला असेल. मला ठाऊक नाही. लोवेल आहे की नाही हेही ठाऊक नाही. रविवारी मी उठणार नाही.

डेलमारनं काचेवरचं धुकं बाहीनं पुसून बाहेरच्या बर्फाकडे बघितलं. "तिकडे याच्याहून जास्त थंडी असते म्हणतात," एवढंच म्हणाला.

३ मार्च

सासूबाईंना काहीच सांगितलेलं नाही. निळा पोशाख खुर्चीवर टांगून ठेवलाय त्यांनी. पत्र नाही.

४ मार्च, उपासाचा रविवार

सभागृह गच्च. सासूबाई कोपरानं ढोसत होत्या, सगळ्या माना माझ्याकडे. मी बसूनच राहिले.

मागे बाक करकरलं. डेलमार उभा होता. टोपी हातात.

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. असं आमच्या सभेत कधी कुणी म्हटलेलं नाही. बिशपनी मान वर केली. "मी माझ्या बायकोला खोटा धीर द्यायला एक माणूस पाठवला होता. तो आला नाही." टोपी या हातातून त्या हातात घेतली. मला वाटलं आता बसेल. "पण आमच्या दाराशी कुणीतरी आलं. आणि आमच्या पोराचं नाव न विचारता त्याची खबर देऊन गेलं. आम्ही वाट बघतोय."

एवढं बोलून तो मागे बसला नाही. सगळ्यांच्या मधून चालत पुढे आला आणि माझ्या शेजारी बसला.